त्या चित्रातली महाधमनी दुसऱ्या बाजूला आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पोटाच्या सोनोग्राफीवर जो लेख आला, त्यातल्या चित्राबद्दल हे पत्र लिहिते आहे. लेखामागचा हेतू चांगला होता. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ती गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा करता येते, हे त्यात सोप्या शब्दांत सांगितलं होतं, त्याबद्दल आभार. पण चित्रात बाण काढून जिथे ‘महाधमनी’ असं लिहिलं आहे, तिथे महाधमनी, म्हणजे हृदयातून निघालेलं रक्त खाली नेणारी मुख्य धमनी, नाही. ती तिच्या शेजारची मोठी शीर आहे, पायांतलं आणि पोटातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी. खरी महाधमनी छापील चित्रात तिच्या उजवीकडे आहे, आणि तिच्यावर ‘शीर’ असं छापलं गेलं आहे. नावांची सरळसरळ अदलाबदल झाली आहे.

मी सोनोग्राफी करते आणि या शाखेत नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना ती शिकवते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने हे कात्रण वहीत चिकटवलेलं दिसलं, तेव्हा माझं लक्ष गेलं. दोन काळी वर्तुळं, त्यातलं कुठलं कोण याने एवढं काय बिघडतं, असं वाचकांना वाटू शकेल. बिघडतं, आणि खूप बिघडतं. पोटाच्या सोनोग्राफीतलं सगळं ओळखणं रक्तवाहिन्यांपासून सुरू होतं. पहिली वाहिनी चुकली की तिच्या आधाराने ओळखलेला पुढचा अवयवही चुकण्याची भीती असते. म्हणून दोन ओळींची दुरुस्ती न पाठवता, मी हे कशावरून म्हणते ते जरा सविस्तर लिहिते. सामान्य वाचकालाही ते कळण्यासारखं आहे.

ते चित्र पोटाच्या वरच्या भागाचं आहे. बरगड्या पुढे मध्यभागी मिळतात, त्याच्या जरा खाली प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ते हातातलं उपकरण, आडवा धरून ते घेतलेलं आहे. असा आडवा छेद पाहताना आपण रुग्णाच्या पायांकडून वर पाहतो आहोत असं धरायचं असतं, त्यामुळे पडद्याची डावी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी बाजू. छापलेल्या चित्रात यकृताचा एकसारख्या करड्या दाण्याचा मोठा भाग डावीकडे आहे, म्हणजे छपाईत चित्र उलटलेलं नाही. (अगदी क्वचित एखाद्याचे सगळे अवयव जन्मापासून उलट बाजूंना असतात. म्हणून शंका आली की आधी प्रोबवरची खूण तपासायची आणि मग शरीर.) तळाशी मध्यभागी एक पांढरी कमान दिसते आणि तिच्यामागे सगळा काळोख. ती मणक्याची पुढची कड. हाडावर आदळलेला ध्वनी पलीकडे जवळजवळ जातच नाही, म्हणून मागे सावली पडते. त्या कमानीच्या पुढ्यात ती दोन काळी वर्तुळं आहेत.

आता त्या दोघांकडे नीट पाहा. चित्रातलं उजवीकडचं, म्हणजे रुग्णाच्या डावीकडचं, नीट गोल आहे. त्याची भिंत जाड आणि उजळ आहे. डावीकडचं लांबट, दोन्ही बाजूंनी दबल्यासारखं, आणि त्याची भिंत पातळ आहे. एवढ्यावर मी पैज लावणार नाही, कारण तरुण माणसाने श्वास रोखून धरला की ही मोठी शीरही फुगून गोल दिसते. पण उजवीकडच्या वर्तुळाच्या अगदी पुढे एक लहान काळा ठिपका आहे आणि त्याच्याभोवती चरबीचं पांढरं कडं आहे. ती आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी, आम्ही तिला एसएमए म्हणतो. ती महाधमनीच्या पुढच्या बाजूने फुटते आणि काही अंतर तिच्यासमोरूनच खाली उतरते. मोठ्या शिरेच्या पुढे असं पांढऱ्या कड्यातलं काही नसतं. हे कडं दिसलं की मागचं वर्तुळ कोणाचं याबद्दल शंका उरत नाही. आपल्या चित्रात ते स्वच्छ दिसतं आहे, म्हणूनच ही चूक जास्त लागली. चित्र उत्तम घेतलेलं आहे, फक्त नावं चुकली आहेत.

प्रत्यक्ष तपासणीत आमच्या हाताशी याहून जास्त पुरावा असतो. नवशिक्यांना वाटतं की जी उडते ती धमनी. पण ही मोठी शीर, आयव्हीसी म्हणतो आम्ही तिला, महाधमनीला खेटून असते आणि वर लगेच हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिरते. दोन्हीकडचे धक्के तिला बसतात, तीही उडते. त्यापेक्षा रुग्णाला नाकाने झटकन श्वास ओढायला सांगावं. आयव्हीसी बहुधा चटकन मिटते, महाधमनी होती तेवढीच राहते. प्रोबने हलका दाब दिला तरी शीर चपटी होते. आणि सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे प्रोब उभा करून वाहिनीचा माग काढणं. महाधमनी मणक्यावरून खाली उतरताना निमुळती होत जाते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर दुभंगते. वरच्या भागात तिला पुढच्या बाजूने दोन मोठे फाटे फुटतात. आयव्हीसी यकृताच्या मागून वर चढते आणि छातीत शिरण्याच्या जरा आधी यकृतातल्या तीन शिरा तिला येऊन मिळतात. वाहिनी कुठून आली आणि कुठे गेली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही, हा माझ्या वर्गातला पहिला नियम आहे आणि तो मी कोणासाठीही सैल करत नाही.

स्वादुपिंडाचं उदाहरण घेते, कारण त्यावरून हा नियम का आहे ते कळेल. स्वादुपिंड सोनोग्राफीत स्वतःहून ठळक दिसत नाही. त्याला यकृतासारखी रेखीव कड नाही. ते मऊ, करड्या रंगाचं असतं, वय वाढतं तसं त्यात चरबी वाढते, आणि मग आसपासच्या चरबीतून ते वेगळं काढणं कठीण होतं. ते सापडतं कसं? प्लीहेकडून, म्हणजे पोटात डावीकडे वर असलेल्या अवयवाकडून, येणारी शीर एसएमएच्या पुढून, एखाद्या लांब स्वल्पविरामासारखी आडवी येते. स्वादुपिंड त्या शिरेला पुढून टेकलेलं असतं. शीर सापडली की तिच्या पुढ्यातला करडा पट्टा म्हणजे स्वादुपिंडाचं अंग. ही शीर रुग्णाच्या उजवीकडे येऊन आतड्यांकडून वर येणाऱ्या शिरेला, म्हणजे एसएमव्हीला, जिथे मिळते तिथे पोर्टल व्हेन, म्हणजे हे रक्त यकृताकडे नेणारी शीर, तयार होते, आणि त्या संगमाच्या पुढे असते ती स्वादुपिंडाची मान. त्याच्याही उजवीकडे डोकं. डोक्यात दोन बारीक काळे ठिपके शोधायचे: पुढच्या कडेला एक लहान धमनी, मागच्या कडेला पित्तनलिका. या दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा म्हणजे डोक्याची बाहेरची सीमा. पाहा, अवयव एक, आणि त्याची प्रत्येक हद्द कुठल्या ना कुठल्या नळीने आखून दिलेली आहे.

लेखात आणखी एक विधान होतं, की यंत्र पोटातले अवयव शोधून पडद्यावर दाखवतं. यंत्र असं काही शोधत नाही. पोटासाठीचा प्रोब साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी आत सोडतो आणि परत येणारे प्रतिध्वनी ऐकतो. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी शोधलेला स्फटिकांचा गुण इथे कामाला येतो: दाब पडला की वीज, आणि त्याच्या उलट वीज दिली की कंप. मऊ ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला १५४० मीटर जातो असं यंत्र गृहीत धरतं. १ सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात. किती वेळाने आला त्यावरून खोली, किती जोरात आला त्यावरून उजळपणा. यंत्राला कळतं ते एवढंच. रक्त, पित्त, लघवी, गळवातला पातळ पू, पाण्याची साधी गाठ, सगळं द्रव त्याला कमी-जास्त काळंच दिसतं. त्या काळ्यांमधून रक्तवाहिनी कुठली आणि पित्तनलिका कुठली हे ठरवणारं माणूसच असतं. आता काही यंत्रं अवयवांवर आपणहून नावं टाकतात, मापंही घेतात. माझा त्याला विरोध नाही, उलट मापांची कंटाळवाणी कामं त्यांनी जरूर करावीत. पण प्रोब चुकीच्या कोनात धरला असेल तर ते नावही चुकीच्याच गोष्टीवर पडेल, आणि पडद्यावर छापील अक्षरात आलेलं नाव नवशिक्या माणूस खोडून काढायला धजत नाही. याची मला काळजी वाटते.

आणि रंगांचं जे लिहिलं होतं ते तर मला दुरुस्त केलंच पाहिजे. कलर डॉप्लरमध्ये, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, लाल म्हणजे धमनी आणि निळं म्हणजे शीर असं लेखात म्हटलं आहे. शाळेच्या पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये तसं असतं, सोनोग्राफीत नसतं. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे मांडलेलं तत्त्व असं, की लहरी पाठवणारी वस्तू आपल्या दिशेने येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली. ते ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल बोलत होते. आपण तेच वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीला लावतो. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवायचं, असा नेहमीचा संकेत आहे, आणि तोही एका बटणाने उलटा करता येतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातली रंगपट्टी पाहिल्याशिवाय रंगांवर बोलू नये.

वर सांगितलेली प्लीहेची शीरच याचा उत्तम दाखला आहे. प्रोब आडवा धरला की ती एसएमएवरून कमानीसारखी वळताना दिसते. तिच्यातलं रक्त आधी खोलातून वर, प्रोबकडे येतं, मग कमानीच्या माथ्यावरून पुन्हा खाली, प्रोबपासून दूर जातं. एकच शीर, एकच रक्त, एकाच दिशेने वाहणारं; अर्धी लाल दिसते, अर्धी निळी. आणि माथ्यावर जिथे प्रवाह ध्वनीच्या रेषेला काटकोनात असतो तिथे रंगच नसतो, काळा पट्टा दिसतो. हा पट्टा पाहून ‘इथे रक्ताची गुठळी आहे’ असं म्हणणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. मी त्याला उत्तर देत नाही, प्रोब जरा तिरका करायला सांगते. कोन बदलला की त्या काळ्या जागी रंग भरतो. वेग मोजायचा असेल तर हा कोन ६० अंशांच्या आत ठेवतात, तेही याच कारणाने. रक्त मंद वाहत असेल आणि यंत्र वेगवान प्रवाहासाठी लावलेलं असेल, तरी वाहती शीर बंद असल्यासारखी दिसते. एवढ्या गोष्टी ज्या रंगात गुंतलेल्या आहेत, त्याला ‘लाल ती धमनी’ असं एका वाक्यात बसवलं की वाचक आपला अहवाल हातात घेऊन भलतंच काही समजून बसतो.

यकृतातल्या नळ्यांबद्दल लेखात काहीच नव्हतं, आणि कावीळ झालेल्या माणसासाठी तर तोच भाग सगळ्यात मोलाचा. यकृतात दोन प्रकारच्या शिरा दिसतात. पोर्टल व्हेनच्या फांद्यांची भिंत पांढरी, उजळ असते, कारण त्यांच्याभोवती तंतूंचं आवरण असतं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या तीन शिरांच्या भिंती दिसेनाशा पातळ असतात, आणि त्या आयव्हीसीच्या दिशेने रुंद होत जातात. मधल्या शिरेच्या प्रतलात यकृताचा उजवा आणि डावा अर्धा वेगळा होतो. क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ भाग मांडले तेही याच वाहिन्यांच्या आधाराने, आणि गाठ कुठल्या भागात आहे हे शल्यविशारद आजही त्याच आकड्यांनी विचारतात. यकृताच्या दाराशी पोर्टल व्हेन, यकृताची धमनी आणि पित्तनलिका अशा तिघी एकत्र असतात. निरोगी माणसात ही मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत रुंद असते, वयाबरोबर थोडी वाढते. खाली कुठे खडा अडकला किंवा गाठीने तिला दाबलं की ती फुगते, आणि यकृताच्या आतही पोर्टलच्या फांद्यांशेजारी समांतर दुसरी काळी नळी दिसू लागते. दोन्ही काळ्या. रंग लावला की एक भरते, दुसरी काळीच राहते. ती काळी राहिलेली पित्ताची. कावीळ अडथळ्याची आहे की यकृताच्या आजाराची, हा पहिला फाटा इथे फुटतो, आणि पुढचे सगळे उपचार त्यावर ठरतात.

रंग लावण्याबद्दल मी विद्यार्थ्यांच्या फार मागे लागते, त्याचं कारण एक प्रसंग. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या एका रुग्णाच्या पोटात गोल, काळी, स्वच्छ कडेची गाठ दिसत होती. अशा आजारानंतर द्रवाची पिशवी तयार होणं नेहमीचं आहे, आणि ती सुईने रिकामी करायची असं ठरून रुग्ण आमच्याकडे आला होता. सुई उघडून ठेवलेली होती. आमच्या एका शिकाऊ डॉक्टरने, कोणी न सांगता, आधी कलर डॉप्लर लावलं. गाठीच्या आत लाल आणि निळं गरगर फिरू लागलं. ती द्रवाची पिशवी नव्हती. सुजेने शेजारच्या धमनीची भिंत खाल्ली होती आणि त्या भोकातून बाहेर आलेलं रक्त आसपासच्या ऊतींनी कसंबसं धरून ठेवलं होतं. त्यात सुई गेली असती तर काय झालं असतं ते इथे लिहीत नाही. सुई बाजूला ठेवली, रुग्णाला धमनीतून आत जाऊन ती जागा बंद करणाऱ्या पथकाकडे नेलं, आणि तो बरा होऊन घरी गेला. पोटातल्या कुठल्याही काळ्या गोलात सुई घालण्याआधी त्यात रक्त वाहत नाही ना ते पाहायचं, हे तेव्हापासून आमच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलेलं आहे.

उलटही होतं. महाधमनीच्या पुढे करड्या रंगाचा एक गोळा दिसला की मनात आधी वाईट शंका येते, गाठींची. पण एका तरुणाच्या पोटात असा गोळा दिसल्यावर आमच्या एका विद्यार्थिनीने त्याचा दोन्ही बाजूंना माग काढला, आणि तो डावीकडे डाव्या मूत्रपिंडात आणि उजवीकडे उजव्या मूत्रपिंडात जाऊन मिळाला. जन्मापासून दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोकं एकमेकांना जोडलेली होती आणि तो पूल महाधमनीवरून गेला होता. त्या मुलाला कुठलाही आजार नव्हता. माग काढायला जेमतेम काही मिनिटं लागली असतील, पण तेवढ्याने एका घराची झोप वाचली.

वाहिन्यांची नुसती जागा पाहूनही आजार कळतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. एसएमव्ही ही शीर एसएमए या धमनीच्या उजव्या हाताला असायला हवी. गर्भात आतडी फिरून आपापल्या जागी बसतात, ते फिरणं अर्धवट राहिलं तर या दोघींची जागा बदललेली असू शकते. नवजात बाळाला हिरवी उलटी होऊ लागली तर आम्ही सोनोग्राफीत आधी तिथेच पाहतो. आतड्याला पीळ पडला असेल तर शीर धमनीभोवती गुंडाळलेली दिसते, रंगात तो भोवरा अगदी स्पष्ट उमटतो. पीळ पडलेलं आतडं तासांच्या हिशेबात काळं पडतं. असा भोवरा मी ज्या बाळांमध्ये पाहिला आहे, त्यांचे हिरवे डाग पडलेले कपडे मला अजून आठवतात, आणि हिरवी उलटी ऐकली की मी चाललेलं दुसरं काम थांबवते. आई-वडिलांनीही नवजात बाळाच्या हिरव्या उलटीला ‘पोट बिघडलं असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये.

महाधमनी आणि शीर यांची नावं बदलली तर रुग्णाचं काय नुकसान होतं, हे राहिलंच. प्रौढ माणसाच्या पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद झाली की तिला फुगा आला असं धरतात. हा फुगा बहुधा काहीच त्रास देत नाही आणि एक दिवस फुटतो. ५.५ सेंटिमीटरच्या आसपास पोचला की पुरुषांमध्ये साधारणपणे शस्त्रक्रियेचा विचार होतो. सिगारेट ओढणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांमध्ये तो जास्त आढळतो, आणि ब्रिटनमध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी पुरुषांना एवढ्यासाठीच सोनोग्राफीला बोलावतात. आता जो शिकाऊ माणूस शेजारच्या शिरेलाच महाधमनी समजतो, तो कशाचं माप घेईल? फुगा तिथेच, दोन बोटं पलीकडे असेल आणि अहवालात ‘महाधमनी सामान्य’ असं लिहिलं जाईल. इथे रंगही फसवतो. फुग्याच्या आत भिंतीला गुठळीचे थर साचलेले असतात आणि रंग फक्त मधल्या वाहत्या वाटेत भरतो. रंगाची रुंदी मोजली तर मोठा फुगाही लहान भरतो. म्हणून माप घेताना रंग बंद करायचा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचं.

वाचकांपैकी ज्यांनी सोनोग्राफी करून घेतली आहे, त्यांना अहवालातली एक ओळ माहीत असेल: ‘वायूमुळे स्वादुपिंडाचा काही भाग दिसला नाही.’ त्यावर लोक चिडतात, तपासणी नीट केली नाही असं म्हणतात. हवेपुढे ध्वनीचं काही चालत नाही. कातडी आणि प्रोब यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी चित्र येत नाही, जेल लावतात ते त्यासाठीच. आतड्यातल्या हवेला जेल लावता येत नाही. आम्ही कुशीवर वळवतो, उठवून बसवतो, दीर्घ श्वास घ्यायला लावून यकृत खाली आणतो आणि त्याच्यातून पाहतो, प्रोबने हळूहळू दाबून हवा बाजूला सारतो, कधी पाणी प्यायला देऊन जठराचीच खिडकी करतो. शेपटीचा भाग डाव्या बरगड्यांमधून, प्लीहेतून पाहायचा प्रयत्न करतो. हे सगळं करूनही दिसलं नाही तर ‘दिसलं नाही’ असंच लिहिणारा डॉक्टर प्रामाणिक आहे. न दिसलेल्या अवयवापुढे ‘सामान्य’ लिहिणं फार सोपं असतं. गरज असेल तर तो भाग सीटी स्कॅनमध्ये पाहता येतो. उपाशीपोटी या असं सांगतात त्याचंही कारण हेच, वायू कमी असतो आणि पित्ताशय भरलेलं राहतं. तेव्हा तपासणी करणारी व्यक्ती एकाच जागी प्रोब पुन्हा पुन्हा फिरवत असेल, तर कृपया घाबरू नका आणि घाईही करू नका. ती बहुतेक वेळा एखाद्या नळीचं टोक शोधत असते.

या तपासणीच्या सुरुवातीच्या दिवसांतली अशीच एक गोष्ट आहे, तेवढी लिहिते. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र पोटातल्या गाठींवर वापरून पाहिलं आणि जॉन मॅकव्हिकर व टॉम ब्राउन यांच्यासह १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये एक बाई होत्या, ज्यांना जठराचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग आहे असं ठरलं होतं. प्रतिध्वनीने दाखवलं की आत मोठी द्रवाने भरलेली पिशवी आहे. ती अंडाशयाची निघाली, काढली, आणि त्या बाई वाचल्या. त्या वेळचं चित्र आजच्या मानाने अगदी ओबडधोबड होतं. पण पाहणाऱ्यांनी त्या काळ्या पोकळीचा अर्थ लावायला वेळ दिला होता.

माझी विनंती अशी. पुढच्या पुरवणीत ते चित्र दुरुस्त करून पुन्हा छापावं, मूळ लेखाइतक्याच मोठ्या जागेत, कारण कात्रण ठेवणारे कोपऱ्यातली दोन ओळींची दुरुस्ती वाचत नाहीत. त्याच छेदाचं, रुग्णाच्या परवानगीने आणि त्याची ओळख काढून टाकलेलं एक चित्र सोबत जोडलं आहे. त्यावर महाधमनी, आयव्हीसी, एसएमए, प्लीहेची शीर, स्वादुपिंड आणि मणका अशी नावं बाणांसकट लिहिली आहेत. ते विनामूल्य वापरावं. बाण आहेत तिथेच राहतील याची छपाईआधी एकदा खात्री करावी, आणि चित्राखाली ‘पडद्याची डावी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी बाजू’ एवढी ओळ जरूर घालावी. छपाईपूर्वी कच्ची प्रत पाठवलीत तर मी त्याच दिवशी तपासून परत करीन.

आपली नम्र,
सोनोग्राफी शिकवणारी एक नियमित वाचक